आठ लाख लिटरांचा समुद्र

सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्याला लागणारे पॅसिफिकचे पाणी भर उन्हाळ्यातही इतके गार असते की, त्यात उष्ण कटिबंधातली प्रवाळभित्ती वाढणे अशक्य. तरीही त्याच शहरातल्या गोल्डन गेट पार्कमध्ये फिलिपिन्सच्या समुद्रातली एक प्रवाळभित्ती जिवंत आहे. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस या 1853 साली स्थापन झालेल्या संस्थेचे स्टाइनहार्ट मत्स्यालय 1923 मध्ये या उद्यानात सुरू झाले. 1989 च्या भूकंपाने जुन्या इमारतींना तडाखा दिला आणि 2008 मध्ये रेन्झो पियानो या वास्तुकाराने आखलेली, छतावर रोपे वाढणारी नवी वास्तू उघडली. तिच्या पोटात सुमारे 8 लाख लिटर पाण्याचे, 25 फूट खोल टाके आहे. काचेपलीकडे प्रवाळांच्या फांद्या आणि त्यांतून सुळकन निसटणारे रंगीत मासे पाहताना कोणालाही वाटेल, ‘समुद्र इथे आणता येतो तर!’ पण हे टाके नेमके उलटे सांगते. ते जितके यशस्वी, तितका समुद्राला पर्याय नसल्याचा पुरावा भक्कम.

हा पुरावा काचेमागच्या कामात आहे. मराठी घरांना अंगठीतले पोवळे ठाऊक असते, पण भित्ती रचणारे प्रवाळ त्याहून वेगळे. ते इवल्या जीवांच्या वसाहती करतात, पाण्यातला चुना घेऊन सांगाडा बांधतात आणि आपल्या पेशींत सूक्ष्म शैवालाला बिऱ्हाड देतात. शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते आणि घरमालकाला त्याचा मोठा वाटा देते. म्हणून टाक्यात प्रखर प्रकाश हवा, लाटांसारखी सतत खळबळ हवी, खर्ची पडणारे कॅल्शियम पुन्हा भरायला हवे आणि माशांची विष्ठा पाण्यात साचता कामा नये. तापमानाचे गणित सर्वांत नाजूक. नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा पाणी एका अंशाने अधिक गरम होऊन काही आठवडे तसेच राहिले, तरी शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे पडतात, म्हणजेच त्यांचे विरंजन होते. ऑलिंपिक तलावाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या पाण्यासाठी एवढी यातायात. एकट्या फिलिपिन्समधल्या प्रवाळभित्तींचा विस्तार सुमारे 25 हजार चौरस किलोमीटर आहे. तिथे हीच कामे भरती-ओहोटी, ऊन आणि असंख्य जीव बिनबोभाट करतात.

मग हा खटाटोप कशाला, असा पहिला आक्षेप येतो. समुद्रातले जीव उचलून करमणुकीसाठी कोंडायचे का? प्रवाळांपुरते याला उत्तर आहे: उसाचे बेणे लावावे तसा प्रवाळाचा तुकडा लावून नवी वसाहत वाढवता येते. माशांबाबत आक्षेप बराचसा उरतोच, कारण मत्स्यालयांतल्या अनेक जाती अजून समुद्रातूनच येतात आणि फिलिपिन्समध्ये शोभेचे मासे सायनाइडने गुंगवून पकडण्याचा काळा इतिहास आहे. म्हणून आणलेल्या प्रत्येक जिवाचा हिशेब देणे हे अशा संस्थांचे कर्तव्यच ठरते. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: असे देखावे खोटा दिलासा देतात. इथे ज्ञान आणि दिलासा यांत गल्लत होता कामा नये. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातल्या संशोधकांनी ऋतूंचे तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्रप्रकाश यांची हुबेहूब नक्कल करून चार जातींच्या प्रवाळांचे बंद टाक्यात प्रजनन घडवले. ती पद्धत 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. 2019 मध्ये फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियममध्ये अटलांटिकमधल्या दुर्मीळ स्तंभ-प्रवाळाने अंडी सोडली. हे ज्ञान निव्वळ समुद्रात बुड्या मारून मिळाले नसते, कारण बरेचसे प्रवाळ वर्षातून मोजक्याच रात्री बीज सोडतात.

मात्र याच फ्लोरिडाने मर्यादाही दाखवली. 2023 च्या उष्णतेच्या लाटेत तिथे समुद्रात जोपासलेले आणि पुन्हा लावलेले अनेक प्रवाळ मेले. काहींना तातडीने जमिनीवरच्या टाक्यांत हलवावे लागले. टाके आसरा देऊ शकते, पण परत जायला घर शिल्लक असेल तरच त्या आसऱ्याला अर्थ आहे. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या प्रवाळांच्या चौथ्या विरंजन-संकटाची घोषणा केली. म्हणूनच स्टाइनहार्टमध्ये माशांच्या रंगांइतकेच लक्ष पाण्याच्या तापमानाकडे द्यायला हवे. टाक्यातला एक अंश उतरवायला यंत्र पुरते. बाहेरच्या समुद्रातला तो अंश चढू नये, यासाठी कोळसा आणि तेल जाळणेच कमी करावे लागेल.