हिरवळीवर तणनाशक केव्हा मारावे?

घरापुढे चार हात मोकळी जागा असली की हिरवळ लावावीशी वाटते. आपल्याकडे ती बहुधा हरळीचीच असते. शेतकरी जिला तण म्हणून खणून काढतो, तिलाच आपण पाणी घालून जपतो, ही गंमत वेगळी! पाऊस सुरू झाला की तिच्यात गाजरगवत, लव्हाळा डोकावू लागतात आणि आपण दुकानात धावतो. औषध कोणते, हे सारेच विचारतात. केव्हा मारायचे, हे फारसे कोणी विचारीत नाही.

तण कोवळे, तीन-चार पानांवर असावे. जोमाने वाढणारे रोप औषध चटकन शोषते. २,४-डी रुंद पानांच्या तणांना मारते व गवताला सहसा इजा करीत नाही, म्हणून ते हिरवळीवर चालते. मात्र गाजरगवत फुलावर आले की उशीर झाला असे समजावे. एकेका झाडाच्या हजारो बिया पुढच्या पावसाची वाट पाहत पडतात.

लव्हाळ्याचे मूळ दुखणे जमिनीखालच्या गाठींत असते. वरची पाने करपली तरी गाठी पुन्हा फुटतात. त्यावरचे हॅलोसल्फ्युरॉन पानांतून खाली उतरते. म्हणून अंगावर भरपूर पाने हवीत. फवारणीच्या आधी व नंतर दोन-तीन दिवस हिरवळ कापू नये. ग्लायफोसेट मात्र तणाबरोबर हरळीही नेते.

जुलै-ऑगस्टमधील उघडीप, जमिनीत वाफसा, दव वाळल्यानंतरची सकाळ आणि वारा पडलेला, अशी वेळ साधावी. पुढे पाच-सहा तास पाऊस नको. उन्हाळ्यात सुकलेले तण औषध घेत नाही. मी एकदा सुटीच्या दिवशी भर दुपारी, वाऱ्यात २,४-डी फवारले. चार दिवसांत शेजारच्या वहिनींच्या टोमॅटोचे शेंडे पिळवटले. त्या काही बोलल्या नाहीत, पण महिनाभर मीच त्यांना मंडईतून टोमॅटो आणून दिले. फवारा पूर्ण वाळेपर्यंत मुलांना हिरवळीवर सोडू नये.

नव्या हिरवळीला दोन-तीन कापण्या होईपर्यंत कोणतेच तणनाशक नको. दहा-बारा फुटांच्या तुकड्यासाठी तर बाटली आणूच नये. पाऊस पडून गेल्यावर मातीत ओल असताना गाजरगवत खुरप्याने मुळासकट निघते. हातमोजे मात्र घालावेत, त्याने अंगाला खाज सुटते.