घडीतून उभा राहणारा यंत्रकीटक

यंत्रमानव म्हटले की कारखान्यातील पोलादी बाहू डोळ्यांपुढे येतो. त्याचे सांधे बेअरिंग, दंतचक्रे आणि स्क्रू यांच्या साहाय्याने जुळविलेले असतात. मात्र यंत्र माशीएवढे लहान करावयाचे झाल्यास ही रचना उपयोगी पडत नाही. वस्तूची लांबी, रुंदी व उंची दहापटीने कमी केली, तर तिचे वजन हजारपटीने घटते; पृष्ठभाग मात्र शंभरपटीनेच घटतो. परिणामी सूक्ष्म यंत्रात घर्षणाचा प्रभाव वाढतो आणि बेअरिंग फिरविण्यातच बरीच शक्ती खर्ची पडते.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात रॉबर्ट वूड यांच्या प्रयोगशाळेला हीच अडचण भेडसावत होती. तेथील यंत्रकीटकांचे भाग प्रारंभी सूक्ष्मदर्शकाखाली हाताने चिकटवले जात. एखाद्या भागाचा कोन किंचित चुकला, तरी सारी मेहनत वाया जाई.

यावरील उपाय २०१२ मध्ये जाहीर झाला. पान उघडताच चित्र उभे राहणारी मुलांची पुस्तके ही त्यामागील प्रेरणा होती. कार्बन तंतू, प्लॅस्टिकचा पातळ पडदा, टायटॅनियम, पितळ आणि सिरॅमिक यांचे पातळ थर लेसरने कापून, मध्ये चिकट थर घालून, एकावर एक अचूक बसविले जातात. उष्णता आणि दाब देऊन त्यांचा एकसंध पत्रा तयार होतो. कठीण कार्बन थरात जेथे फट ठेवलेली असते, तेथे केवळ प्लॅस्टिकचा पडदा उरतो. तो बिजागरीप्रमाणे वाकतो. तेथे घासणारे भाग नसतातच.

‘मोबी’ नावाच्या नमुन्यात असे १८ थर आणि १३७ घडीचे सांधे होते. सभोवतालचा सांगाडा उचलताच सर्व सांधे एकाच हालचालीत वळून कीटकाचा आकार उभा राहतो. नंतर पितळी जोडांना डाख देऊन तो आकार पक्का केला जातो आणि सांगाडा लेसरने कापून वेगळा काढतात. अचूकता कारागिराच्या हातावर नव्हे, तर थरांच्या आखणीवर अवलंबून राहत असल्याने एकसारख्या प्रती काढणे शक्य होते.

याच प्रयोगशाळेतील सुमारे ८० मिलिग्रॅम वजनाच्या ‘रोबोबी’ने २०१३ मध्ये नियंत्रित उड्डाण केले. तिचे पंख सेकंदाला १२० वेळा फडफडत. वीज मात्र बारीक तारेतून पुरवावी लागे. २०१९ मध्ये सौरघट बसविलेली चार पंखांची आवृत्ती तारेविना उडाली, परंतु तिला सूर्यप्रकाशाच्या सुमारे तिप्पट तीव्र प्रकाश लागला आणि उड्डाण क्षणभरच टिकले.

सांधे घडविण्याचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला आहे. सूक्ष्म यंत्राला पुरेशी ऊर्जा स्वतःबरोबर वाहून नेता येणे, हे आव्हान मात्र कायम आहे.