बोनेटवरचा आकडा आणि काळं रान

गेल्या दसऱ्याच्या आठवड्यात आमच्या चिंताकीत नवे ट्रॅक्टर आले. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला होता, त्यामुळे गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. हार, नारळ, हळदी-कुंकू झालं. त्याच आठवड्यात आमच्या गोठ्याशेजारी उभा असलेला एचएमटी 2511 पुतण्याने भंगारात दिला. किलोच्या भावाने. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "काका, पंचवीस एचपीचं काय धरून बसलात? आता पन्नासशिवाय कोणी बोलत नाही."

ट्रॅक्टर गेला त्याहून हे वाक्य मला जास्त लागलं. कारण एचपी म्हणजे ताकद, हा हिशेब औराद तालुक्याच्या काळ्या रानात कधीच खरा ठरलेला नाही. आम्ही तो तपासून पाहिला आहे.

आमच्या भागात ट्रॅक्टर उशिरा आला. 1956 च्या नोव्हेंबरात जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहिराबाद, नारायणखेड आंध्र प्रदेशात, आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो. त्या काळात फरीदाबादला आयशर, मद्रासला टॅफेची मॅसी, मुंबईच्या कांदिवलीला महिंद्राची इंटरनॅशनल, पिंजोरला 1971 पासून झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून घेतलेला एचएमटी, असे कारखाने उभे राहत होते. आमच्यापर्यंत त्यातलं फारसं काही पोचलं नव्हतं. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं एवढंच की नांगरटीला सहा-आठ बैल जुंपावे लागत आणि कुंदा गवत तरीही मरत नसे.

खरं दशक ऐंशीचं. 1981 ला वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, जुना एचएमटी 2511 घेतला. दोन सिलिंडर, 25 एचपी. शेजाऱ्यांकडे बी-275 होता. त्याला गावात कोणी महिंद्रा म्हणत नसे, 'इंटरनॅशनल'च म्हणत. 35 एचपी, चार सिलिंडर, आणि थंडीत सकाळी हीटर दिल्याशिवाय न उठणारा. वरच्या गल्लीत मॅसी 1035 आला. एकाकडे एका सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा आयशर होता, त्याचा ठोका दोन वावरं ओलांडून ऐकू यायचा. आणि मग आला फोर्ड 3600. तीन सिलिंडर, सुमारे 46 एचपी. त्याच्या निळ्या बोनेटकडे आम्ही पोरं तासन्‌तास पाहत बसायचो.

ताकदीची तुलना तेव्हा कागदावर होत नव्हती. उन्हाळ्यात, ज्वारीचं रान रिकामं झालं की, कुंद्याने भरलेल्या एखाद्या तुकड्यात दोन फाळी नांगर लावून बघायचं. खोली सगळ्यांना सारखी, वीतभर. टाकी काठोकाठ भरून सुरुवात करायची आणि काम संपल्यावर लिटरच्या मापाने पुन्हा काठापर्यंत भरायची. जेवढं डिझेल मापाने गेलं तेवढं पिणं. एवढी सरळ कसोटी मी नंतर कुठे पाहिली नाही.

त्या कसोटीत काय दिसलं ते सांगतो, कारण आता ते सांगणारे फार उरले नाहीत. फोर्ड सगळ्यांत पुढे होता, यात वाद नको. दुसरे ज्या गिअरमध्ये कण्हत, त्याच्या वरच्या गिअरमध्ये तो चालायचा. डिझेलही तसंच प्यायचा. मॅसी त्याच्याहून लहान, पण कठीण पट्टा आला तरी थांबायचा नाही. त्याचं कारण त्याच्या हायड्रोलिकमध्ये होतं. हॅरी फर्ग्युसनने बसवलेली ही पद्धत: नांगराला जोर लागला की वरच्या दांड्यावर दाब येतो, लिफ्ट नांगर किंचित उचलते, आणि नांगराचं ओझं मागच्या चाकांवर येतं. चाक जमिनीला धरून राहतं. हलक्या ट्रॅक्टरला जड काम जमतं ते यामुळे. इंटरनॅशनलची खुबी वेगळी होती. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की काळ्या रानात एक चाक जागच्या जागी फिरायला लागतं. त्याच्या पायाखाली डिफरन्शियल लॉकची पट्टी होती. ती दाबली की दोन्ही चाकं एकत्र फिरत आणि तो चिखलातून निघून जाई. आयशरला नांगरट झेपत नसे, पण वखरपाळीत आणि मळणीच्या पट्ट्यावर त्याच्याइतकं कमी डिझेल कोणी घेत नसे.

आणि आमचा एचएमटी? सगळ्यांत हळू. ड्रायव्हर त्याला 'म्हातारा' म्हणत. पण दिवस मावळला की इतरांच्या एवढंच रान खाली पडलेलं असायचं, कारण तो थांबत नसे. दोन सिलिंडरांचं इंजन कमी फेऱ्यांवर ओढ सोडत नव्हतं. उदगीरच्या मेकॅनिक उस्तादांनी त्याचा आवाज ऐकून सांगितलं होतं, "नंबर मत देखो, आवाज सुनो. ये गिरता नहीं." पंप, नोझल, क्लच प्लेट, काहीही गेलं तरी त्याच दिवशी बसायचं.

यामागचा हिशेब अवघड नाही. ओढ किलोत घ्या, वेग तासाला किलोमीटरमध्ये घ्या, दोन्हींचा गुणाकार करून 270 ने भागा, हुकवरची हॉर्सपॉवर निघते. तासाला 4 किलोमीटरच्या चालीने हजार किलोची ओढ म्हणजे जेमतेम 15 हॉर्सपॉवर. भुसभुशीत रानात इंजनातली ताकद टायरमधून जमिनीपर्यंत जाताना निम्म्याच्या आसपासच उरते. म्हणजे बोनेटवर काय लिहिलंय यापेक्षा वजन, टायर, गिअर आणि हायड्रोलिक काय करतात यावर काम ठरतं. पन्नासचं इंजन चाक फिरवत उभं राहिलं तर ते फक्त डिझेल जाळतं.

1987 ची गोष्ट मी विसरलो नाही. तालुक्याच्या गावातल्या एका विक्रेत्याने आप्पांना पटवलं की झेकवाल्या मालाचे भाग आता मिळणार नाहीत, मोठा ट्रॅक्टर घ्या. आगाऊ रक्कम घेतली, गाडी आठ महिने दिली नाही, आणि शेवटी ट्रॉली सोबत घेतली तरच देऊ असं सांगितलं. आप्पांनी पैसे परत मागितले. ते मिळाले, व्याज नाही. घरात त्या वर्षी बहिणीचं लग्न पुढे ढकललं गेलं. पुतण्या आता म्हणतो, विक्रेता खरंच बोलत होता, एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद झालाच की. झाला, पण 2016 ला. आमचा 2511 त्यानंतरही तीन हंगाम चालला. लेथवर भाग घडवून देणारा माणूस होता तोवर चालला.

पुढच्या वर्षांत मला रस नाही, तरी दोन ओळी लिहितो. फोर्डचं नाव गेलं, एस्कॉर्ट्सने फार्मट्रॅक काढला. आयशरचा ट्रॅक्टर 2005 ला टॅफेकडे गेला, स्वराज 2007 ला महिंद्राकडे. 2013 ला आमच्या उशाशी जहिराबादला महिंद्राचा कारखाना आला. सोयाबीन आलं, रान रिकामं राहण्याचे दिवस कमी झाले, रोटाव्हेटर आला, आणि खोल नांगरटीचं मोजमाप कोणाला लागेनासं झालं. ट्रॅक्टर आता बरेच दिवस उसाच्या ट्रॉल्या ओढतो. डांबरी रस्त्यावर एचपीचा आकडा खरा वाटतो. तिथेच तो विकला जातो.

शिवाय त्या पन्नासमागे शेताचं कारण नाही. जानेवारी 2023 पासून पन्नास एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागले, म्हणून पन्नासच्या किंचित खाली बसणारी मॉडेलं बाजारात भरली. पुतण्याचा आकडा नियमाने ठरवला, काळ्या मातीने नव्हे. नव्या ट्रॅक्टरचा हप्ता मात्र तो पाच वर्षं भरणार आहे, आणि बिघाड झाला की लॅपटॉपवाला माणूस येईपर्यंत पेरणीचा वाफसा जाणार आहे. मी त्याच्यावर रागावलो नाही. त्याला तुलना करायला शेजारी चार वेगळे ट्रॅक्टर आणि एक कुंद्याचा तुकडा मिळालाच नाही. आम्हाला मिळाला होता.

तुम्ही यंदा ट्रॅक्टर घेणार असाल तर एक करा. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर कसोटी संस्था आहे. तुमच्या मॉडेलचा तिथला अहवाल विक्रेत्याकडे मागा. त्यात इंजनाची ताकद वेगळी, पीटीओची (अवजार फिरवणाऱ्या दांड्याची) वेगळी आणि हुकवरच्या ओढीची वेगळी लिहिलेली असते. हुकवरचा आकडा वाचा, आणि तोही काँक्रीटच्या पक्क्या पट्ट्यावरचा असतो हे ध्यानात ठेवा. मग गाडी अर्धा दिवस आपल्या रानात, आपल्या नांगराला लावून चालवून बघा. विक्रेता नाही म्हणाला तर सही करू नका.