ओल थंडीची होती

गेल्या महिन्यात पुण्यात हवामानबदलावरच्या एका व्याख्यानाला गेले होते. वक्ते अभ्यासू होते, दीड तास छान बोलले. शेवटी एका मुलानं विचारलं, या तापमानवाढीचा कुणाला फायदाही होईल का? वक्ते म्हणाले, "होईल ना. कॅनडाचा उत्तर भाग घ्या. नुसतं जंगल आणि बर्फ. तिथं जरा ऊब आली तर लाखो एकर जमीन गव्हाखाली येईल." सभागृहात माना डोलल्या. मी मागच्या रांगेत होते. उठून बोलायला हवं होतं, पण गळा दाटून आला आणि तशीच घरी आले. त्या 'नुसत्या जंगलात' मी दहा वर्षं संसार केलाय. ३ मे २०१६ ला वणव्यामुळे आमचं तिथलं गाव, आल्बर्टातलं फोर्ट मॅकमरे, सोडून आम्हाला जीव घेऊन पळावं लागलं. त्या दिवशी सभागृहात जे राहून गेलं, ते इथं लिहिते.

फोर्ट मॅकमरेचा प्रदेश म्हणजे ब्रिटिश कोलंबियाच्या ईशान्य कोपऱ्यातून निघून आल्बर्टा आणि सस्कॅचेवान ओलांडत मॅनिटोबापर्यंत गेलेलं सपाट जंगल. उत्तरेला मॅकेंझी नदीच्या खोऱ्यात तेच जंगल ठेंगणं आणि विरळ होत जातं. लग्नाआधी चंद्रपूरच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे, तेव्हा हा सगळा पट्टा चार ओळींत उरकायचे. तैगा, सूचिपर्णी वृक्ष, कडक हिवाळा, विरळ लोकवस्ती. पुस्तकात तेवढंच होतं, आणि तेवढ्यावरच आपल्याकडे माणसं मोठी होतात, व्याख्यानं देतात. फरचे व्यापारी कधी आले, तेलवाळूची पहिली मोठी खाण १९६७ साली कशी सुरू झाली, ते तिथल्या माहितीफलकांवर सविस्तर लिहिलेलं असतं. मी त्यात शिरत नाही. मला सांगायचं आहे ते २००७ ते २०१७ या माझ्या दहा वर्षांबद्दल.

ऑक्टोबरमध्ये पोचलो. नवरा खाणीत इंजिनिअर. जानेवारीत पारा उणे चाळीसला टेकला आणि कळलं की तिथं गाडीलाही रात्री विजेच्या प्लगला लावून झोपवावं लागतं, नाहीतर सकाळी इंजिन उठत नाही. शेजारी क्री या तिथल्या मूळनिवासी समाजातल्या एक आजी राहायच्या. सगळी गल्ली त्यांना 'कोकुम' म्हणायची. क्री भाषेत कोकुम म्हणजे आजी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमसुलं आठवली आणि त्या परक्या गावात एकदम घरचं वाटलं. त्या मला 'माय गर्ल' म्हणायच्या.

पहिल्याच जूनमध्ये त्यांनी मला मस्केगमध्ये नेलं. मस्केग म्हणजे शेवाळाची दलदल, शब्दही क्रीच. पाय टाकला की जमीन कापसाच्या गादीसारखी दबते आणि दहा पावलांवरचं काळं स्प्रूसचं झाड हलतं. कोकुमनी मूठभर शेवाळ उपटून पिळलं, तर धुतलेल्या चादरीसारखं पाणी निथळलं. मग म्हणाल्या, हात घाल आत. बाही वर करून कोपरापर्यंत हात घातला. वर चांगलं ऊन, अंगाला घाम, आणि खाली बोटांच्या टोकांना बर्फ लागला.

तो बर्फ म्हणजे त्या प्रदेशाची किल्ली. तिथं पाऊस आणि हिम मिळून वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पडतं, म्हणजे आपल्या माणदेशाच्या जवळपास. तरी जिकडे पाहावं तिकडे तळी, दलदल, ओढे. कारण जमीन सपाट आहे, हिमनद्यांनी पसरून ठेवलेल्या चिकणमातीची, त्यामुळे पाणी वाहून जात नाही. आणि थंडीमुळे ते उडूनही जात नाही. अर्धं वर्ष सगळं गोठलेलं, उन्हाळा आखूड. तिथली ओल पावसाची नाहीच, थंडीची आहे. थंडी काढून घेतली की खाली उरतो माणदेशाएवढा पाऊस आणि हजारो वर्षं साठलेल्या शेवाळाचं, वाळलं की जळणारं पीट. गव्हाचं स्वप्न पाहणाऱ्यांनी आधी हे समजून घ्यावं. पीस नदीच्या खोऱ्यात शंभरहून जास्त वर्षं धान्य पिकतंय, तिथली मातीच वेगळी, ते शेत मी डोळ्यांनी पाहिलंय. पण स्प्रूसखालची राखाडी, आंबट माती आणि पीटची दलदल म्हणजे नांगराची वाट पाहत पडलेलं रान नव्हे.

वणवा तिथं नवा नाही. १९५० च्या चिंचागा वणव्याचा धूर युरोपपर्यंत गेला आणि तिथल्या लोकांना सूर्य निळा दिसला. जॅक पाइनचं फळ लाकडासारखं घट्ट मिटलेलं असतं, वरून राळेनं चिकटवलेलं. आगीच्या धगीनं राळ वितळते, खवले उघडतात आणि पंख असलेलं बी गरम राखेत पडतं. जळालेल्या रानात दुसऱ्या वर्षी गुडघ्याएवढे अ‍ॅस्पेन मी पाहिलेत, पानं जराशा झुळुकीनंही थरथरणारी. वणव्याचा आणि त्या जंगलाचा जुना करार होता. तो करार थंडीनं राखला होता.

माझ्या डोळ्यांदेखत थंडी ढिली पडली. एप्रिलअखेर अथाबास्का नदीचा बर्फ फुटायचा, तेव्हा अख्खं गाव काठावर जमायचं. आधी बंदुकीच्या बारासारखा आवाज, मग मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळावेत तसा गडगडाट, आणि घरांएवढे हिमखंड उभे राहून वाहू लागायचे. कोकुम काठावर बसून सांगायच्या, त्यांच्या लहानपणी यात असा घोळ नव्हता, आता नदीला आपला दिवस आठवत नाही.

२०१५-१६ च्या हिवाळ्यात बर्फ फार कमी पडला. एप्रिल संपत आला तेव्हा गवत पिवळं, अ‍ॅस्पेनला पान नाही, स्प्रूस कोरडे. १ मेला नैर्ऋत्येला धूर दिसला. मंगळवारी, ३ मेला, सकाळी आकाश निळं होतं. दुपारी पारा ३२ च्या वर गेला, वारा उठला आणि तासाभरात सूर्य तांबड्या ठिपक्याएवढा झाला. मी मुलीला शाळेतून उचललं, कोकुमना हाताला धरून गाडीत बसवलं. टाकी पाव भरलेली. दक्षिणेचा रस्ता ज्वाळांनी अडवलेला, म्हणून आम्हाला उत्तरेला, खाणींच्या कॅम्पकडे पिटाळलं. रस्त्याच्या कडेला पेट्रोल संपलेल्या गाड्या उभ्या होत्या. मी काट्याकडे बघत गाडी हाकत होते, कोकुम मागे मुलीला क्रीत काहीतरी गुणगुणत होत्या. त्या दिवसात सुमारे ८८ हजार माणसं गावाबाहेर पडली. तीन दिवसांनी पोलिसांनी पन्नास-पन्नास गाड्यांचे ताफे करून आम्हाला जळालेल्या गावातून दक्षिणेला काढलं. अबासंड, बीकन हिल, वॉटरवेज इथं घरांच्या जागी फक्त तळघरांचे खड्डे दिसत होते. सुमारे २४०० इमारती गेल्या.

आमचं घर वाचलं, पण धूर भिंतीत मुरला होता. आईनं माझ्या लग्नात दिलेली गोधडी फेकावी लागली. विमा कंपनीच्या माणसानं तिची पावती मागितली. नऊवारीच्या तुकड्यांची पावती कुठून आणायची? चार महिने पत्रव्यवहार झाला. त्याहून जास्त लागलं ते आपल्याच माणसांचं बोलणं. "तेल उपसता ना, मग भोगा," असं पुण्यातल्या एका मैत्रिणीनं लिहिलं. ज्या तेलावर तिची गाडी पळते ते कुणीतरी उपसतंच. आणि जंगलानं, अस्वलांनी, कोकुमनी काय उपसलं होतं? तिला मी उत्तर दिलं नाही, आणि ते अजून मनात सलतं.

तो वणवा जवळजवळ ५ लाख ९० हजार हेक्टर जाळून पीटमध्ये शिरला आणि हिवाळाभर बर्फाखाली धुमसत राहिला. ऑगस्ट २०१७ मध्ये तो पूर्ण विझल्याचं जाहीर झालं. आम्ही त्याच वर्षी भारतात परतलो. पुढचं दुरूनच पाहिलं. २०२० च्या एप्रिलमध्ये नदीत बर्फाचा बांध अडकून गावाच्या खालच्या भागात पाणी शिरलं. २०२३ मध्ये वणव्यामुळे उत्तरेकडचं यलोनाइफ शहर रिकामं करावं लागलं. २०२४ च्या मे महिन्यात अबासंड आणि बीकन हिलच्या लोकांना पुन्हा घर सोडावं लागलं. त्याच वर्षी मॅकेंझीचं पाणी इतकं उतरलं की काठावरच्या नॉर्मन वेल्स गावाला सामान नेणाऱ्या बार्ज जाऊ शकल्या नाहीत. मला सर्वांत भीती वाटते ती एकाच रानाला लवकर लवकर लागणाऱ्या आगींची. फळ धरायच्या वयाआधीच कोवळा पाइन जळाला, तर राखेत पडायला बीच उरत नाही.

कोकुम २०२१ मध्ये गेल्या. त्यांच्या लेकीशी माझं अजून बोलणं होतं. परवा तिनं सांगितलं, एप्रिल लागला की ती कागदपत्रांची पिशवी दाराशी ठेवते आणि गाडीची टाकी भरते. आमच्या पुण्यातल्या गाडीची टाकीही मी कधी अर्ध्याखाली जाऊ देत नाही.