मांजराचे दात
मोठ्या मांजराला 30 दात असतात. त्यांतला एखादा ठणकत असला तरी ते ताटलीपाशी येतंच. तेव्हा भूक आहे म्हणजे दात ठीक, हा समज सोडा. खाताना मान एका बाजूला कलणं, दाणा तोंडातून गळणं, लाळ, तोंडाला घाण वास, ही लक्षणं. ओठ हळूच वर करून मागच्या दाढा पाहा: हिरडीच्या कडेला लाल रेघ दिसली की सूज सुरू झाली. दातांवरचा मऊ थर काही दिवसांतच कडक होतो. मग तो ब्रशने निघत नाही, डॉक्टरांना भूल देऊन काढावा लागतो. म्हणून ब्रश शक्यतो रोज. सुरुवातीला बोटाला गुंडाळलेलं ओलं फडकंही चालेल. पेस्ट मात्र मांजरांचीच. आपली पेस्ट ते थुंकत नाही, गिळतं, आणि त्यातलं फ्लोराइड त्याला बाधतं.