फुलांची वही

पंचांग नाही असे घर आपल्याकडे सहसा आढळावयाचे नाही. तिथी, वार, नक्षत्र हे सारे त्यात मिळते. परंतु आपल्या गावच्या डोंगरावर पळस केव्हा फुलतो आणि ओढ्याकाठी तामण केव्हा, हे काही त्यात मिळत नाही. ते पूर्वी घरातील वडील माणसांच्या तोंडी असे. पेण व रोहे ह्या दोन गावांच्या मुलखात, ज्यास १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत, आमच्या कुटुंबाच्या कित्येक पिढ्या नांदल्या. तरीही हे पंचांग आमच्या हातून जवळजवळ निसटले होते.

आमच्या घरी तेरड्याची गौर बसते. शेजारच्या घरी खड्यांची बसते, त्यांना नदीवरून चार खडे आणले की झाले; आम्हांस मात्र तेरडा मुळासकट हवा. तो कोठला आणावयाचा, हे आमच्या थोरल्या आत्याबाई सांगत. त्या माघात वारल्या. पुढील भाद्रपदात मुंबईहून आलेला आमचा पुतण्या मोठ्या उत्साहाने डोंगरपायथ्याशी गेला व एक भली मोळी घेऊन आला. सूपही सजले. तेवढ्यात कामाला येणाऱ्या बाई दारातूनच म्हणाल्या, “वहिनी, ही कुर्डू हाय. हिची भाजी करत्यात.” घरात एकच हशा पिकला, पण रात्री जेवणे झाल्यावर सर्वांच्याच मनास ती गोष्ट लागली. पदवीधरांनी भरलेल्या घरात तेरडा ओळखणारे कोणी उरले नव्हते! दुसऱ्याच दिवशी आम्ही एक कोरी वही घेतली व दर महिन्यास एक पान लावले.

पहिली नोंद माघ-फाल्गुनातील आहे. त्या दिवसांत पेणहून रोह्यास आगगाडीने जावे आणि खिडकीपाशी बसावे. कासू, नागोठणे ही स्टेशने मागे पडतात तो डोंगराच्या अंगावर पाने झडलेली झाडे लाल-केशरी दिसू लागतात. मुले सर्वांनाच पळस म्हणतात; परंतु नीट पाहावे. काटेरी बुंध्याचे, जाड पाकळ्यांची मोठी लाल फुले टपटप खाली टाकणारे, ती सावर. डहाळीच्या टोकाशी तांबडे तुरे धरणारा पांगारा. काळपट मखमली कळ्यांतून पोपटाच्या चोचीसारखी वाकडी केशरी पाकळी काढणारा तो पळस. तिघांवरही मैना-बुलबुलांची झुंबड असते. पाने आड नसल्यामुळे फुले पाखरांस दुरून दिसतात, हा त्यातील लाभ.

ह्याच सुमारास पेणच्या खारेपाटात बांधावरून चालावे. खाडीच्या चिखलात फुले कसली, असे आम्हांसही वाटत असे. परंतु तेथे काटेरी पानांची मारांडी निळीजांभळी फुलते, आणि पुढे उन्हाळ्यात तिवराला बारीक पिवळी फुले येऊन मधमाश्या घोंगावू लागतात.

वैशाखाचे पान सर्वांत भरगच्च आहे. बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात. मूळचा मादागास्करचा गुलमोहर रस्तोरस्ती पेटतो. आणि ओढ्यानाल्यांच्या काठी तामण फुलते. चुणीदार जांभळ्या पाकळ्यांचे हे फूल महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे, हे मुले पुस्तकात वाचतात. झाड मात्र दारावरून जाताना ओळखत नाहीत. डोंगरउतारावर ह्याच वेळी पांढरा कुडा फुलतो. त्याची साल अतिसारावर देतात व फुलांची भाजी करतात. मेघदूतातील यक्ष आषाढाच्या आरंभी मेघास ज्या ताज्या कुटजपुष्पांचे अर्घ्य देतो, तो कुटज म्हणजे आपला हा कुडाच.

येथे रोह्याच्या एका पुरुषाची आठवण येणे साहजिक आहे. चिंतामणराव देशमुख ह्यांचा जन्म १८९६ साली महाडजवळ नाते येथे झाला, व बालपण बरेचसे रोह्यास गेले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु केंब्रिजला १९१७ साली त्यांनी वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळविले होते, आणि पुढे ह्याच गृहस्थांनी मेघदूत मराठीत आणले, ह्या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहणारे थोडे. कुड्याचे शास्त्रीय नाव आणि कालिदासाने दिलेले नाव अशी दोन्ही एका माणसाजवळ असू शकतात, ही आमच्या मते अनुकरणीय गोष्ट आहे.

पहिल्या पावसानंतर पेणच्या बाजारात कातकरी स्त्रिया शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळ आपण भाजी म्हणून खातो. ते वस्तुतः एका कंदाचे फूल होय. पान मागाहून येते, आधी जमिनीतून हा कोंब निघतो. उमलल्यावर त्यास कुजकट वास येतो व त्या वासाने माश्या व किडे जवळ येतात. म्हणून उमलण्यापूर्वीच ते खुडतात. “काकडं पण घ्या, नायतर घसा खाजंल,” असे विकणारीने आम्हांस बजावले. काकडाची आंबट फळे भाजीत घातली की खाज मरते, हे शास्त्र तिला आमच्याआधी ठाऊक होते. वहीतील कितीतरी नावे अशा स्त्रियांनीच आम्हांस दिली आहेत.

भाद्रपदात तेरडा येतो. त्याची पिकली बोंडे हात लागताच फुटून बी उडते. मुलांस ओळख पटविण्यास ही खूण पुरे. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण गौरीच्या तीन दिवसांशी जणू जुळवूनच घेतली आहे. कुंपणावर कळलावी चढते. तिच्या पानांची टोकेच वळून आधार धरतात, व फूल पिवळ्याचे तांबडे होत जाते. तिचा कंद मात्र अत्यंत विषारी आहे, म्हणून लहान मुलांस ती दुरूनच दाखवावी. आणि मुळासकट उपटावयाचा तेरडाही लागेल तेवढाच घ्यावा. बी धरून उभा राहिला तरच पुढील वर्षी दिसेल.

वहीत आता काही नोंदी अशा आहेत की त्यांची झाडे उरली नाहीत. महामार्ग रुंद होताना रस्त्याकाठची जुनी झाडे गेली. रस्ता हवा होता, ह्याबद्दल आमचा वाद नाही. परंतु ते झाड कोणते व केव्हा फुलत असे, एवढे तरी कोणी लिहून ठेवावयास हवे होते.

श्रावणाच्या पानावर एक ओळ अद्याप कोरी आहे. विहिरीच्या पायरीवर एक इवलेसे निळे फूल येते. आत्याबाई त्यास एक गमतीचे नाव घेऊन हाक मारीत व आम्ही मुले हसत असू. फूल दर वर्षी येते. नाव मात्र आम्हां भावंडांपैकी कोणासही आठवत नाही. पुस्तकात पाहून शास्त्रीय नाव लिहिता येईल, पण ती ओळ आम्ही तशीच ठेवली आहे.

ज्यांच्या घरी अशा आजी, आत्या, काकू आज आहेत, त्यांनी येत्या रविवारी त्यांना घेऊन अंगणापर्यंत तरी जावे, आणि जाताना वही बरोबर घ्यावी.