मुंबईहून नागपूर नेमके किती दूर?

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी आमण्यापर्यंत संपूर्ण खुला झाल्यापासून असे वारंवार ऐकू येते की, मुंबई-नागपूर हवाई अंतर सुमारे ६९० किलोमीटर आणि हा रस्ता ७०१ किलोमीटर, म्हणजे रस्त्याने आकाशमार्गाची जवळजवळ बरोबरी साधली. दोन्ही आकडे खरे आहेत. निष्कर्ष मात्र खरा नाही, आणि ज्याला मालाचे भाडे व इंधनाचा खर्च किलोमीटरच्या हिशेबाने चुकता करावा लागतो त्याला हा गैरसमज महाग पडतो, म्हणून त्याची उकल करणे अगत्याचे वाटते.

हवाई अंतराचा आकडा दोन्ही शहरांत धरलेल्या दोन बिंदूंमधील, भूपृष्ठाच्या वक्रतेस अनुसरणाऱ्या लघुतम रेषेचा आहे. उलट ७०१ किलोमीटर ही लांबी भिवंडी तालुक्यातील आमण्यापासून नागपूरच्या वेशीवरील शिवमडक्यापर्यंतची असून तीत खुद्द मुंबईतले अंतर मुळीच धरलेले नाही. फोर्टातून सीताबर्डीपर्यंत जाणाऱ्याचा हिशेब त्यामुळे साडेसातशेच्या पुढे जातो. तुलना सारख्याशी सारख्याचीच करावयाची, तर आमणे-शिवमडका हे सरळ अंतर साडेसहाशेच्या आसपास भरते. म्हणजे सह्याद्री ओलांडून विदर्भ गाठणाऱ्या या मार्गाने सरळ रेषेपेक्षा पन्नासेक किलोमीटरच अधिक घेतले आहेत, आणि इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किलोमीटरच्या जोडबोगद्याने घाटाची वळणे टाळल्याचे श्रेय त्यात मोठे आहे. भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असा वळसा घेणारा लोहमार्ग ८३७ किलोमीटरांचा आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या कामाची थोरवी वाढवून सांगण्याची गरज उरत नाही.

दुसरा समज असा की, विमान तरी हवाई अंतराएवढेच उडते. वस्तुतः विमान वाऱ्याच्या सामोरे उड्डाण करते, आणि मुंबईचा वारा बहुतांशी समुद्राकडून येत असल्यामुळे पूर्वेच्या नागपुरास निघालेले विमानही बहुधा प्रथम पश्चिमेस, अरबी समुद्रावर झेपावते व मग वळसा घेऊन मार्गी लागते. पुढे नेमून दिलेले हवाई मार्ग, ढगांचे अडथळे, उतरण्यापूर्वीच्या घिरट्या आहेतच. तेव्हा प्रत्यक्ष कापलेले अंतर लघुतम रेषेहून अधिकच भरते.

हवाई अंतरात पाव मिळवला की रस्त्याचे अंतर निघते, असाही एक ठोकताळा प्रचलित आहे. मुंबई-पुण्यास तो जेमतेम लागू पडतो, कारण तेथे सुमारे १२० चे १५० होतात. पण मुंबईच्या गेटवेहून अलिबाग सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटर असता पनवेल-पेणवरून जाणाऱ्यास शंभराच्या घरातली मजल मारावी लागते. मध्ये खाडी पडली वा घाट आडवा आला की ठोकताळा निरुपयोगी ठरतो.

राहता राहिला नागपूरचा शून्य मैलाचा स्तंभ. देशातील सर्व अंतरे तेथूनच मोजली जात, असे अभिमानाने सांगितले जाते. तो स्तंभ भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी संबद्ध असून त्याजवळ १९०७ सालचे, समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदविणारे प्रमाणचिन्ह आहे, आणि हे महत्त्व पुरेसे आहे. रस्त्यांच्या मोजणीची आरंभस्थाने मात्र ठिकठिकाणची निरनिराळी होती. मुंबईचे जुने मैलाचे दगड फोर्टातील सेंट थॉमस कॅथीड्रलपासूनचे अंतर सांगत.